मी अडवलेला फॉर्म

माझ्या धाकट्या भावाचा मॅट्रिकचा फॉर्म शाळेने अडवला, असे आमच्या घरात कितीतरी महिने बोलले जात होते. माय शेजारणींना तेच सांगायची, बाबा मिलमधल्या सोबत्यांना तेच सांगायचे, आणि मी बाजूला असलो तर मान हलवायचो. फॉर्म शाळेने अडवला नव्हता. मी अडवला होता. मिलिंद ज्या शाळेत अकरावीत होता, त्याच शाळेत मी गणिताचा मास्तर होतो. वय बावीस, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेले. हेडमास्तरांच्या खोलीत बसून मी ज्याला ‘नाही’ म्हटले, त्याचे अंथरूण घरी माझ्या अंथरुणाला लागून असायचे. हे मी आजवर लिहिले नाही. बोललो मात्र एकदा, आणि तेवढ्यासाठीच हे प्रकरण लिहितो आहे.

फॉर्म अडवणे म्हणजे काय, हे आता माझ्या नातवंडांना समजावून सांगावे लागते. तेव्हा अकरावीला बोर्डाची परीक्षा असे, तीच मॅट्रिक. थंडीत शाळा स्वतःची पूर्वपरीक्षा घेई, आणि तिच्यात जी मुले कच्ची निघत त्यांचे फॉर्म बोर्डाकडे पाठवतच नसे. मुलगा बसलाच नाही, म्हणजे नापास झाला नाही, म्हणजे शाळेचा निकाल चांगला. मुलाचे वर्ष जाई, शाळेचा फळा मात्र स्वच्छ राही. हा हिशेब आम्ही मास्तर लोक मोठ्या गंभीरपणे करत असू. पूर्वपरीक्षेनंतर एक बैठक होई, प्रत्येक काठावरच्या मुलाचे नाव निघे, आणि त्या त्या विषयाचा मास्तर दोन-चार गुण सोडायला तयार असेल तर फॉर्म जाई.

आमचे घर नागपुरात, मिलच्या मागच्या वस्तीत होते. दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेली ओसरी, मागे नळ आणि नळाजवळ एक दगड. बाबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. आयुष्यभर साच्यांच्या खडखडाटात उभे राहून त्यांना कमी ऐकू यायला लागले होते, आणि ज्याला कमी ऐकू येते तो जसा मोठ्याने बोलतो तसे ते बोलत. त्यांच्याशी बोलणाऱ्यालाही ओरडावे लागे. त्यामुळे आमच्या घरात साधे ‘मीठ दे’ म्हटले तरी चौथ्या घरी कळायचे. माय चुलीशी बसून ओरडायची, मी पुस्तकातून डोके न काढता ओरडायचो, मिलचा भोंगा झाला की त्यात त्याचाही आवाज मिसळायचा. पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडे भांडण चालू आहे काय? माय हसून म्हणायची, “नाही जी बापा, जेवण चालू आहे.” रविवारी गोळाभात व्हायचा. चण्याच्या डाळीचे गोळे भातात शिजवलेले, वरून हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी, सोबत आंबाडीची भाजी. ती फोडणी पडल्याचा चर्र आवाज मला अजून भूक लावतो. बाबांना तेवढा आवाज बरोबर ऐकू यायचा.

या घरात मिलिंद हळू बोलायचा. लहानपणी बोलायचा तरी. तो माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा, बाबांनी दीक्षा घेतल्यानंतर जन्मलेला. माझे नाव श्रावण, कारण मी श्रावणात झालो, एवढाच विचार माझ्या नावामागे होता. त्याचे नाव मात्र विहारातल्या भंतेजींनी ठेवले. मिलिंद नावाचा एक राजा होता, तो फार प्रश्न विचारायचा, असे त्यांनी सांगितले आणि बाबांना ते इतके आवडले की वर्षानुवर्षे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आमचा मिलिंद दहावीत गेला आणि प्रश्न विचारायचा थांबला. मग उत्तरे द्यायचाही थांबला. शाळेतून यायचा, दप्तर ठेवायचा, मागच्या नळाजवळच्या दगडावर जाऊन बसायचा. खेळायला बोलवायला पोरे यायची, ती काही दिवसांनी यायची बंद झाली. सगळ्यांचे जेवण झाल्यावर भाकर घेऊन भिंतीकडे तोंड करून खायचा. काय झालं विचारले तर “काही नाही.” दुखते काय? “नाही.” कोणी मारलं काय? “नाही.”

घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने त्याच्यावर उपाय केला. शेजारची बाई म्हणाली, बाहेरचं काही लागलं असेल, तर बाबा तिच्यावर असे ओरडले की ती महिनाभर आमच्या दारावरून गेली नाही. मग बाबांनी त्याला सायकलवर डबलसीट घेऊन धंतोलीत एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी जीभ पाहिली, छाती पाहिली, म्हणाले, मुलगा ठणठणीत आहे, या वयात होतं असं काहींचं, आणि तांबड्या रंगाचे एक टॉनिक लिहून दिले. बाटली संपली तेव्हा बाबा म्हणाले, “टॉनिक पेला तं अजूनच शांत झाला हा. भूक मात्र वाढली.”

“राहू द्या ना जी,” माय म्हणाली. “खाऊन राहिला न? तेवढं तं करून राहिला.”

माझा उपाय सर्वांत वाईट होता. मी आमच्या कुळातला पहिला ग्रॅज्युएट. वस्तीत कोणाचा कागद वाचायचा असला, अर्ज लिहायचा असला, की लोक मला बोलवत. शिकणे ही आमच्या घरात आवडीनिवडीची गोष्ट नव्हती. बाबांनी साच्यावर डबल पाळ्या केल्या त्या मला शिकवायला. त्यामुळे शिकायची संधी असून जो दगडावर बसून राहतो, त्याच्याविषयी मला दया येत नव्हती, चीड येत होती. मी त्याच्यासाठी वेळापत्रक करून भिंतीवर चिकटवले. जेवताना त्याला सूत्रे विचारायचो, सगळ्यांसमोर, बाबांना ऐकू जावे अशा आवाजात. तो खाली पाहून घास गिळायचा. “पाहा,” मी बाबांना म्हणायचो, “हे सातवीतलं पोट्टंही सांगते.” शाळेतही तसेच. तो माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा, आणि घरचा म्हणून सूट दिली असे कोणाला वाटू नये यासाठी मी पहिला प्रश्न त्यालाच विचारायचो. उत्तर येत असले तरी त्याच्या तोंडून निघायला वेळ लागायचा, आणि मी तो वेळ देत नसे. “बसा,” म्हणायचो. वर्ग हसायचा. आज वाटते, ज्या घरात ओरडल्याशिवाय कोणाला ऐकू जात नाही, त्या घरातल्या हळू बोलणाऱ्या मुलाने शेवटी बोलणेच सोडावे, यात इतके नवल काय होते? पण हे मला आज वाटते. तेव्हा मी मास्तर होतो.

पूर्वपरीक्षेत गणितात त्याला एकतीस गुण पडले. पास व्हायला पस्तीस लागायचे. त्याचा पेपर मीच तपासला. तीन प्रश्न त्याने असे सोडवले होते की माझ्या वर्गात कोणी सोडवले नव्हते, एकेक पायरी सुबक, कुठे खाडाखोड नाही. बाकीचा पेपर कोरा होता. येत नव्हते म्हणून कोरा सोडला की मध्येच कुठेतरी मन उठून गेले, ते कळायला मार्ग नव्हता. शेजारी झोपणाऱ्या मुलाला मी ते विचारलेही नाही.

बैठक हेडमास्तरांच्या खोलीत झाली. काठावरच्या मुलांची नावे निघाली. गणितात मिलिंदखेरीज आणखी दोन मुले होती, एकाला एकतीस, एकाला बत्तीस. मी दोघांनाही पस्तीस केले. एकाचे वडील नव्हते, दुसरा दुरून चालत यायचा. मग हेडमास्तरांनी माझ्या भावाचे नाव वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“मेश्राम, चार गुणांचा प्रश्न आहे. बाकीचे विषय निघाले आहेत त्याचे. द्या.”

“नाही सर,” मी म्हणालो. “माझा भाऊ आहे. उद्या लोक बोलतील.”

“भाऊ आहे म्हणून देऊ नका. मुलगा आहे म्हणून द्या.”

“नियम सर्वांना सारखा हवा, सर.”

त्या खोलीत दोन मिनिटांपूर्वी नियम दोनदा वाकवला होता, आणि तो मीच वाकवला होता. हेडमास्तरांच्या ते लक्षात आले असणारच. पण ते मवाळ गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि नावापुढे फुली मारली. माझ्या शेजारचे इतिहासाचे शिक्षक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “वा! असा निःस्पृह माणूस पाहिजे शाळेत.” आता मुद्दा हा, की मला ते ऐकून बरे वाटले. घरी जाताना सायकलवर ती थाप मला पाठीवर जाणवत होती. एवढ्याशा कौतुकासाठी मी काय दिले ते वस्तीच्या वळणावर लक्षात यायला लागले, आणि दारात पोचेपर्यंत मी घाबरलो होतो.

ओसरीवर माय आणि मिलिंद पोपटीच्या शेंगा सोलत बसले होते. बाबा खाटेवर.

“फॉर्म गेले काय गा सगळ्याइचे?” मायने विचारले.

“मिलिंदचा शाळेनं अडवला,” मी म्हणालो.

सायकल भिंतीला टेकवता टेकवता मी ते बोललो, म्हणजे कोणाकडे पाहावे लागू नये. मिलिंदचे हात थांबले. मग त्याने हातातली शेंग उघडली, दाणे ताटात टाकले, टरफल बाजूला ठेवले, आणि म्हणाला, “बरं.”

“काय म्हनते?” बाबांनी विचारले.

मायने ओरडून सांगितले. बाबा उठून बसले. “काहून अडवला? आन तू काय करत होता तिथं? तू मास्तर आहे न?”

“हेडमास्तरांचा निर्णय असते बाबा. माझं काय चालते?”

“मी येतो उद्या शाळेत. मी बोलतो त्याइच्याशी.”

“नका येऊ,” मी घाईने म्हणालो. “माझी नोकरी नवी आहे.”

बाबा आले नाहीत. ज्या माणसाने मिलच्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, कधी भिऊन उत्तर दिले नाही, तो माझ्या नोकरीसाठी गप्प बसला. खोटे बोलायला एक क्षण लागतो. मग ते रोज सांभाळावे लागते, आणि त्याची सवय होते, हे वाईट.

त्यानंतर मिलिंद दगडावरही बसेना. अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडून राही. आठ-दहा दिवस मायने पाहिले आणि काटोलहून मामा आला तेव्हा त्याच्या हाती मिलिंदचा हात दिला. “घेऊन जाय याले. इथं भितीकडं पाहून पाहून येडा होईन माहा लेक.” शंकरमामा काटोलच्या संत्रा बाजारात होता. बागाईतदारांचा माल बाजारात आला की तो निवडायचा आणि पेट्यांत भरायचा, हे त्याचे काम, आणि तेव्हा मृगाच्या बहराचा, उन्हाळ्याच्या तोंडी उतरणारा माल सुरू व्हायचा होता. मिलिंद एका पिशवीत दोन शर्ट टाकून त्याच्यामागे निघाला. मी एसटी स्टँडपर्यंत गेलो होतो. खिडकीतून तो माझ्याकडे पाहत होता, रागाने नाही. रागाने पाहिले असते तर मला सोपे गेले असते.

पहिल्या रविवारी मी गेलो नाही. दुसऱ्या रविवारी मायने डबा करून हातात दिला, तेव्हा जावेच लागले. काटोलच्या त्या बाजारात पाऊल टाकले की संत्र्याचा वास नाकात शिरायचा तो कपड्यांना चिकटून नागपूरपर्यंत सोबत यायचा. जिकडे तिकडे तणस, म्हणजे भाताचा पेंढा पसरलेला, त्यावर संत्र्यांचे ढीग, बैलगाड्या, ओरडणारे दलाल. एका ढिगाभोवती सात-आठ बाया-माणसे गोल करून बसली होती, आणि त्यांच्यात मिलिंद. त्याचे हात इतक्या वेगाने चालले होते की मला आधी तो दुसराच कोणी वाटला. फळ उचलायचे, तळहातावर एकदा फिरवायचे, आणि आकारानुसार या ढिगात नाहीतर त्या ढिगात. मऊ लागले तर मागे.

“बोलते काय?” मी मामाला हळूच विचारले.

“कायले बोलाचं गा?” मामा म्हणाला. “संत्रं थोडंच उत्तर मांगते. काम करते पोट्टा. माह्या हाताखाली असं बोट कोणाचं नाही. बस तू बी, मास्तर. शिकून घे.”

बाया हसल्या. मी लेंगा सावरून मिलिंदशेजारी बसलो. दिसायला सोपे वाटणारे ते काम मला अजिबात जमेना. एक नंबर आणि दोन नंबर यांत मला फरक दिसत नव्हता, आणि मऊ फळ तर कळतच नव्हते. वरून पिवळेजर्द, चकचकीत, आणि आत एक बाजू गेलेली. असे एक फळ पेटीत गेले की दिल्ली-कलकत्त्याला पोचेपर्यंत अख्खी पेटी सडते, असे मामा सांगत होता. तासाभराने माझी पेटी भरली. समोर दलालाचा माणूस पेट्या तपासत येत होता, आणि खराब फळ सापडले की ते हातात उंच धरून चारचौघांत त्या माणसाचा उद्धार करत होता. एका म्हाताऱ्याला तो म्हणाला, “डोळे घरी ठेवून आला काय गा, बुढ्या?” सगळे हसले. म्हाताराही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

मी माझ्या पेटीकडे पाहत होतो तेव्हा मिलिंदचा हात माझ्या पेटीत आलेला दिसला. त्याने मान वळवली नाही. स्वतःच्या पेटीवर तणस ठेवता ठेवता त्याने माझ्या पेटीतून एक फळ काढले, मागे ठेवले, त्याच्या जागी आपल्या ढिगातले एक ठेवले. मग दुसरे. मग आणखी दोन. बाजूला बसलेल्या बाईलाही कळले नाही. दलालाचा माणूस आला, त्याने माझ्या पेटीत हात घालून चार-पाच फळे दाबून पाहिली आणि मामाला म्हणाला, “हा नवीन माणूस बरा आहे बापा. कोण आहे?”

“मास्तर आहे,” मामा म्हणाला.

“मग तं पोट्ट्याइले सोडून इकडंच ये म्हणा.”

सगळे पुन्हा हसले. मिलिंदही हसला. दीड वर्षात मी पहिल्यांदा त्याचे दात पाहिले. मी मात्र तणस नीट करण्याच्या निमित्ताने खाली वाकलो, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. रोज पंचेचाळीस मुलांच्या चुका फळ्यावर उंच करून दाखवणे हाच माझा धंदा होता, आणि चूक अशीही काढता येते हे मला कोणी दाखवले नव्हते.

स्टँडकडे जाताना मी त्याला विचारले, “सांगितलं काहून नाहीस, की माझी पेटी चुकली होती?”

“कोणाले सांगाचं?” तो म्हणाला. मग म्हणाला, “पेटी बरोबर झाली न.”

त्याच वेळी सांगून टाकायला हवे होते. जिभेवर आले होते. पण एसटी लागली होती, आणि मी म्हणालो, “चहा घेतो काय?” त्यानंतर प्रत्येक रविवारी मी काटोलला गेलो. शेजारी बसून फळे निवडायचो, चुकायचो, तो काढायचा. बोलणे थोडेच व्हायचे. पण चौथ्या की पाचव्या रविवारी, तळहातावर संत्रे फिरवता फिरवता, माझ्याकडे न पाहता त्याने विचारले, “भाऊ, ऑक्टोबरले बाहेरून बसता येते काय?” कितीतरी दिवसांनी त्याने केलेला तो पहिला प्रश्न. मी इतक्या जोरात ‘हो’ म्हणालो की मामा दचकला.

बहर संपल्यावर तो परत आला. भिंतीवरचे वेळापत्रक मी आधीच काढून टाकले होते. मी त्याला प्रश्न विचारणे सोडले. माझी स्वतःची बी.एड.ची पुस्तके घेऊन त्याच्याजवळ बसायचो, तो त्याचे करायचा, मी माझे. वही तो स्वतःच सरकवून ठेवायचा. चूक दिसली तर मी त्या ओळीशेजारी पेन्सिलीने एक बारीक ठिपका द्यायचो आणि वही परत सरकवायचो. कुठे चुकले ते तोच शोधायचा. कधी दहा मिनिटांत, कधी दुसऱ्या दिवशी. हे सगळे एकदम गुण आल्यासारखे झाले असे मात्र कोणी समजू नये. आखाडात एक पूर्ण आठवडा तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला. पुस्तक उघडेना. तिसऱ्या दिवशी माझा संयम सुटला, मी आवाज चढवायच्या बेतात होतो, तर चुलीशी बसलेली माय म्हणाली, “श्रावण, तू त्याच्यापाशी जाऊन बस. बोलू नको. नुसता बस.” मी बसलो. चार दिवस बसलो. पाचव्या दिवशी तो उठला, तोंड धुतले आणि वही घेतली. काय झाले होते ते मला आजही ठाऊक नाही. माणसाच्या आतल्या सगळ्या गोष्टींना कारण असते आणि ते आपल्याला कळलेच पाहिजे, हा हट्ट मी त्या आठवड्यात सोडला.

इथे थोडे आजचे सांगतो. मिलिंद ऑक्टोबरला पास झाला, सेकंड क्लास, गणितात एकाहत्तर. पुढे आयटीआय केले, पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरी लागली, आता मनीषनगरला त्याचे छोटे घर आहे, अंगणात एक संत्र्याचे झाड आहे ज्याला फारशी फळे धरत नाहीत. तो अजूनही कमी बोलतो. फोन केला तर अर्ध्या मिनिटात ठेवतो. त्याची बायको म्हणते, “तुमच्या भावाले बोलाचे पैसे पडतात काय?” हे प्रकरण लिहायला घेण्याआधी मी त्याला विचारले, लिहू काय? तो म्हणाला, “लिही.” मग म्हणाला, “खरं लिहिशीन.” म्हणून शेवटचा दिवस जसा झाला तसाच लिहितो.

बाहेरून बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म असे. तो आधीच्या शाळेमार्फत जायचा. म्हणजे आमच्याच शाळेतून, हेडमास्तरांच्या हातून. रविवार होता. मिलिंदने सकाळी बसून वळणदार अक्षरात फॉर्म भरला आणि तपासायला माझ्यापुढे ठेवला. आम्ही सगळे जेवायला बसत होतो, माय भातावर फोडणी घालत होती. नाव, जन्मतारीख, विषय, सगळे बरोबर होते. खाली एक रकाना होता, ‘नियमित विद्यार्थी म्हणून परीक्षेस न बसण्याचे कारण’. तिथे त्याने लिहिले होते, ‘अभ्यासात कच्चा असल्यामुळे शाळेने बसू दिले नाही.’

त्याने ते रडतकढत लिहिले नव्हते. पत्ता लिहावा तसे लिहिले होते. म्हणजे इतके महिने तो हे स्वतःविषयी खरे धरून चालला होता, आणि आता सही करून सरकारला कळवणार होता. परीक्षेला दोन-अडीच महिने राहिले होते. आता सांगितले तर हा पुन्हा भिंतीकडे तोंड करील, ही भीती मला होती. ती भीती मी बरेच महिने पुढे करत आलो होतो. पण तो कागद पाहिल्यावर मला कळले, की मी त्याच्यासाठी भीत नव्हतो, माझ्यासाठी भीत होतो.

“हे खरं नाही,” मी म्हणालो. “शाळेनं नाही अडवला. मी अडवला.”

मायचा हात थांबला. बाबा म्हणाले, “काय म्हनते? मोठ्यानं बोल.”

मग मला ते ओरडून सांगावे लागले, चौथ्या घरी जाईल अशा आवाजात. “बाबा, मिलिंदचा फॉर्म मी अडवला! हेडमास्तर चार गुण देऊन राहिले होते, मी नाही म्हटलं! दुसऱ्या दोघाइले मी दिले. याले नाही दिले. लोकाइत मले सरळ दिसाचं होतं म्हणून. आन घरी येऊन तुमच्याशी खोटं बोललो.”

“तू?” बाबा म्हणाले. एवढेच. त्यांनी पुढचे ताट बाजूला सारले. आयुष्यात बाबांनी भरले ताट सारलेले मी तेव्हाच पाहिले.

मिलिंद उठून मागे नळावर गेला. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ येत राहिला. मी उठून मागे जायला निघालो तर मायने हात धरून बसवले. गोळाभात पातेल्यात थंड होत होता. तो परत आला तेव्हा त्याचे डोळे तांबडे होते आणि शर्टाच्या बाह्या ओल्या होत्या. तो माझ्यापासून थोडा लांब बसला. जवळ बसला नाही, हेही लिहायला हवे. त्याने फॉर्म ओढून घेतला, तो रकाना पाहिला आणि विचारले, “मग इथं काय लिहू?”

“दे,” मी म्हणालो.

मी ती ओळ खोडली आणि माझ्या हाताने तिच्यावर लिहिले, ‘विद्यार्थी परीक्षेस बसण्यास योग्य होता. गणिताच्या शिक्षकाच्या चुकीमुळे त्याचा अर्ज पाठवला गेला नाही.’ खाली माझे पूर्ण नाव घातले आणि सही केली. उद्या हा कागद हेडमास्तर वाचतील, कारकून वाचेल, मग शिक्षकांच्या खोलीत सगळे वाचतील, हे मला माहीत होते. मी फॉर्म त्याच्यापुढे ठेवला. त्याने सावकाश, ओठ हलवत, दोन्ही वाक्ये वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“मिलिंद,” मी म्हणालो, “तू कच्चा नव्हता. चूक माही होती. मले माफ कर.”